दुग्धज्वर आणि स्नायूंची दारे

मुखेड-कंधारचा परिसर लाल कंधारी बैलांसाठी ओळखला जातो. पण ज्या गोठ्यात दुधाळ म्हैस किंवा संकरित गाय असते, तिथे एक वेगळेच संकट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या वेताचे धडधाकट जनावर विते, भरपूर चीक देते आणि एक-दोन दिवसांत खाली बसते, ते उठतच नाही. मान पोटाकडे वळलेली, कान थंड, रवंथ बंद. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो. उलट अंग गार पडते. वेळेवर उपचार झाला नाही तर जनावर दगावते.

कारण आहे रक्तातील कॅल्शियमची घट. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम असते. 10 लिटर चिकातून 20 ग्रॅमहून अधिक बाहेर जाते. हाडांत किलोंनी साठा असतो. पण तो मोकळा होण्याची क्रिया वेग घ्यायला एक-दोन दिवस लागतात. मात्र रक्तातले कॅल्शियम कमी झाले म्हणून पाय का लुळे पडावेत? हे समजण्यासाठी आपल्याला स्नायूपेशीच्या दारांपर्यंत जावे लागेल.

दाराची रचना

पेशीच्या बाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट असते. तरी ते आपोआप आत शिरत नाही, कारण पेशीपटलातून आयन जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांच्या मार्गिका असतात. कॅल्शियम मार्गिकेचा मुख्य भाग म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी. तिचे चार सारखे भाग गोलाकार उभे राहतात आणि मधोमध वाट तयार होते. प्रत्येक भाग पटलाला सहा वेळा आरपार छेदतो.

या वाटेने सोडियम का जात नाही? बाहेर सोडियम तर कॅल्शियमच्या शंभरपट असते आणि दोन्ही आयनांचा आकारही जवळजवळ सारखाच. फरक प्रभाराचा आहे. वाटेच्या अरुंद जागी ऋण प्रभाराची चार अमिनो आम्ले कडे करून असतात. दोन धन प्रभारांचा कॅल्शियम आयन तिथे घट्ट धरला जातो. एका प्रभाराच्या सोडियमला जागा मिळत नाही. मागून दुसरा कॅल्शियम आयन आला की पहिला आत ढकलला जातो.

दार उघडते कसे?

प्रत्येक भागाच्या चौथ्या पट्ट्यावर धन प्रभार ओळीने बसवलेले असतात. विश्रांतीत स्नायूपेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 90 मिलिव्होल्टने ऋण असते, म्हणून हे पट्टे आतल्या बाजूला ओढलेले राहतात. विद्युतसंदेश येताच ही ओढ संपते, पट्टे बाहेरच्या बाजूला सरकतात आणि आतल्या टोकाचे दार उघडते.

पायाच्या स्नायूत मात्र मजेदार व्यवस्था आहे. इथे पट्टे सरकल्याचा धक्का थेट पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेवरील दुसऱ्या, प्रचंड मोठ्या मार्गिकेला बसतो. ती उघडते आणि आतल्या साठ्यातील कॅल्शियम तंतूंवर पसरून आकुंचन घडते. म्हणजे पहिले दार इथे वाटेपेक्षा खटक्याचे काम करते. 2016 साली चीनमधील नियेंग यान यांच्या गटाने सशाच्या स्नायूतील या मार्गिकेची रचना जवळजवळ अणूंच्या पातळीपर्यंत दाखवली.

मग पाय लुळे का?

साठा आत आहे, तर बाहेरच्या टंचाईने काय बिघडते? बिघडते ते एक पायरी आधी. चेतातंतूच्या टोकाशीही कॅल्शियमची दारे असतात. त्यांतून बाहेरचे कॅल्शियम आत आले, तरच असिटिलकोलीन सुटते आणि स्नायूला हुकूम पोचतो. टंचाईत हुकूमच पोचत नाही. पोटाच्या अनैच्छिक स्नायूंना तर आकुंचनासाठीही बाहेरचे कॅल्शियम लागते.

हृदयाचे स्नायूही बाहेरच्या कॅल्शियमवर अवलंबून असतात. आत आलेले थोडे कॅल्शियम साठ्याचे दार उघडते. 1883 मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर यांना आढळले, की नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राहते, ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात ते थांबते. फरक नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा होता.

म्हणूनच पशुवैद्य कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून देतात ते अगदी सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. घाईने दिले तर हृदय बंद पडू शकते. सुई घरच्या घरी टोचू नये, हे पालकांपर्यंत पोचवायला शाळेइतकी चांगली जागा नाही. वेळेवर उपचार मिळाला तर बहुतेक जनावरे काही तासांत उभी राहतात.

वर्गात

फळ्यावर चार जागा लिहाव्यात: चेतातंतूचे टोक, पायाचा स्नायू, पोटाचा स्नायू, हृदय. प्रत्येक ठिकाणी कॅल्शियम कुठून येते ते मुलांना सांगायला लावावे. मग विचारावे: रवंथ थांबते ती कोणत्या दारामुळे, आणि उठता येत नाही ते कोणत्या?