पवनचक्कीचा दाखला आणि भाच्याचा विमानप्रवास

आमचा एक भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. गेल्या वर्षी जयंतीला तो गावी आला, तेव्हा बॅगेतून चॉकलेटांच्या पुड्याबरोबर त्याने एक छापील कागदही काढला. "मामा, हे वाचा. माझ्या विमानप्रवासाने जेवढा कार्बन हवेत गेला तेवढा मी भरून दिला." कागदावर हिरव्या शाईत त्याचे नाव, खाली दोन टन कार्बन डायऑक्साइडची भरपाई झाल्याचे वाक्य आणि कोपऱ्यात पवनचक्कीचे चित्र होते. प्रकल्प महाराष्ट्रातला, असेही लिहिले होते. तिकीट काढताना त्याने यासाठी सुमारे दोन हजार रुपये जास्तीचे भरले होते.

आमच्या थोरल्या बहिणीचे सासर पाटण तालुक्यात. तिथून वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. आपले पैसे फिरून आपल्याच मुलखात आले, या कल्पनेने भाचा खूश होता. त्याचे चुलते, म्हणजे आमच्या दाजींचे धाकटे बंधू, त्या पठारावर काही वर्षे रखवालदार होते. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "आरं, ही पाती तू शाळंत असल्यापासनं फिरत्यात. तू पैसं दिलं नसतंस तर थांबली असती व्हय?"

भाचा गप्प झाला. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. उभे आयुष्य खतावणीत गेलेले. नानांचा तो प्रश्न काही आम्हांला सोडीना. कागदावर नेमक्या कोणत्या पवनचक्कीचे नाव आहे हा मुद्दा वेगळा. ती वनकुसवड्याची असेलच असे नाही. पण प्रश्न सगळ्यांनाच लागू होतो.

हा व्यवहार आला कुठून ते आधी सांगितले पाहिजे. १९९७ साली जपानमधील क्योटो शहरात करार झाला आणि तो २००५ साली अमलात आला. श्रीमंत देशांनी आपला धूर कमी करायचा. तो घरी कमी करणे महाग पडत असेल तर भारत-चीनसारख्या देशांत कोणी कमी केला त्याचा दाखला विकत घ्यायचा. एक दाखला म्हणजे एक टन. पवनचक्कीने वीज दिली की तेवढा कोळसा जळायचा वाचतो, म्हणून तिला दाखले मिळतात. हे खरेही आहे. पण अट अशी की, दाखल्यांचे पैसे मिळाले नसते तर ती पवनचक्की उभीच राहिली नसती, हे मालकाने पटवून द्यायचे. सगळी मेख इथे आहे. जी गोष्ट तशीही होणारच होती तिचा दाखला विकला, तर विमानाचा धूर हवेत राहतो आणि भरपाई मात्र कागदावरच होते.

आता मालकाचे दप्तर उघडून पाहू. उदाहरणादाखल २००५-०६ च्या सुमाराची एक मेगावॅटची पवनचक्की घ्या. किंमत धरा पाच कोटी. आयकरात यंत्राच्या झिजेपोटी जी रक्कम नफ्यातून वजा करता येते तिला घसारा म्हणतात. साध्या यंत्राला तेव्हा वर्षाला १५ टक्के घसारा मिळे, पवनचक्कीला ८० टक्के. नव्वदच्या दशकात तर पहिल्याच वर्षी १०० टक्के मिळत असे. म्हणजे पाच कोटींतले चार कोटी पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा. कर ३० टक्के धरला तरी एक कोटी वीस लाख रुपये वाचले. (हा कर पुढे हप्त्याहप्त्याने वाचलाच असता, हे आम्ही नाकारत नाही, पण हातात आलेला रोकडा तो रोकडा.) यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी चालले तर घसारा निम्मा, म्हणून सप्टेंबर संपायच्या आत पाती फिरवण्याची घाई. वाऱ्याचा हंगाम पावसाळ्याचा, पण मालकाची नजर पंचांगापेक्षा आयकराच्या वर्षावर!

शिवाय विजेचे पैसे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००३ साली नव्या पवनचक्क्यांना युनिटमागे ३ रुपये ५० पैसे आणि दरवर्षी १५ पैसे वाढ असा दर ठरवून दिला. वर्षाला साडेसतरा लाख युनिट निघाले तर पहिल्या वर्षीच सुमारे ६१ लाख. आणि दाखले? तेवढ्या विजेला साधारण पंधराशे-सोळाशे दाखले. भाव दहा युरो धरला तर त्या काळच्या हिशेबाने नऊ लाख. आता तुम्हीच सांगा, पाच कोटी घालणारा माणूस या नऊ लाखांकडे बघून घालतो, की घसारा आणि वीजदराकडे बघून?

कोणी म्हणेल, हे तर तुमचे कागदी गणित. मग प्रत्यक्ष काय घडले ते पाहा. एप्रिल २०१२ पासून केंद्र सरकारने ८० टक्के घसारा बंद केला. आदल्या वर्षी देशात सुमारे ३,२०० मेगावॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. त्या वर्षी १,७०० च राहिल्या. त्याच वर्षी दाखल्यांचा भावही कोसळून एक युरोच्या खाली आला, तेव्हा दोष कोणाचा असा वाद घालता येईल. परंतु २०१४ साली घसारा परत मिळाला, दाखल्यांचा भाव मात्र मेलेलाच राहिला, आणि तरीही २०१६-१७ मध्ये तब्बल साडेपाच हजार मेगावॅटची भर पडली. मार्च २०२५ अखेर देशातील पवनऊर्जा ५० हजार मेगावॅटपर्यंत गेली. भाव पडला म्हणून पठारावरचे एकही पाते थांबल्याचे नानांना आठवत नाही. वारा फुकट, एकदा उभी केलेली पवनचक्की कोण बंद ठेवील?

मोठ्या अभ्यासकांनीही हेच तपासले. राफाएल कॅलेल आणि त्यांच्या तीन अर्थतज्ज्ञ सहकाऱ्यांनी भारतातील पवनऊर्जा प्रकल्प पडताळून २०२१ साली निष्कर्ष मांडला, की मंजूर झालेल्या दाखल्यांपैकी किमान ५२ टक्के अशा प्रकल्पांना गेले जे बहुधा तसेही उभे राहिलेच असते. त्यांची रीत आम्हांला फार आवडली. दाखले घेणाऱ्यांपेक्षा कमी फायद्याचे प्रकल्प दाखल्यांवाचून उभे राहिले, मग अधिक फायद्याचे का राहिले नसते? नानांच्या प्रश्नाचेच हे शहाणे रूप. आणि "किमान" हा शब्द विसरू नका. हे आधी पकडले का गेले नाही? तर तपासणाऱ्या संस्थेची फी तपासून घेणारा मालकच देत असे. कचेरीत काम केलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

पुढे बाजारवाल्यांनाही हे मान्य करावे लागले. दाखल्यांची नोंद करणाऱ्या व्हेरा व गोल्ड स्टँडर्ड या दोन बड्या संस्थांनी २०१९ मध्ये ठरवले की, अतिमागास देश सोडले तर वीजजाळ्याला जोडलेले असे नवे प्रकल्प घ्यायचे नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये या बाजाराच्या सचोटीवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पवन व सौरविजेच्या जुन्या पद्धतीच्या दाखल्यांना आपली मोहोर नाकारली. तरी आधी नोंदलेला जुना माल तिकिटाबरोबर विकला जातोच.

यावरून आम्ही पवनचक्कीच्या विरोधात आहोत असे कोणी समजू नये. वीस-बावीस वर्षांपूर्वी सातारा-सांगलीकडे दुष्काळ पडला, तेव्हा पवनचक्क्या ढग पळवून लावतात अशी आवई उठली होती आणि चांगली शिकलेली माणसेही ती खरी मानत होती. शास्त्रज्ञांनी ती खोटी ठरवली. कोळशाच्या विजेपेक्षा वाऱ्याची वीज केव्हाही बरी. आमचा आक्षेप त्या कागदावर आहे. दोष एकाने करायचा, दक्षिणा दुसऱ्याच्या हातावर ठेवायची आणि शुद्ध झालो म्हणून घरी जायचे, हा व्यवहार आपल्या समाजाने फार जवळून पाहिला आहे. तो इंग्रजीत छापून आला म्हणून वेगळा ठरत नाही.

भाच्याने पहिल्यांदा वाद घातला. "मामा, काहीच न करण्यापेक्षा बरे ना?" आम्ही म्हटले, पैसे वाया गेले याचे दुःख नाही, पण हा कागद खिशात असला की पुढच्या खेपेला तिकीट काढताना तू विचार करणार नाहीस. आपल्या देशात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढाच जवळपास तुझ्या एका जाण्यायेण्यात. बहिणीने मधेच विचारले, "म्हणजे त्याने घरी यायचेच नाही का?" त्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. आईला असे कोणी उत्तर देऊ शकतो, असे वाटत नाही.

परत गेल्यावर भाच्याने त्या कंपनीला पत्र लिहून विचारले: माझ्या पैशाची पवनचक्की कोणत्या साली उभी राहिली, तिला घसाऱ्याची सवलत मिळाली होती का, आणि माझे पैसे नसते तर ती उभी राहिली नसती याचा पुरावा काय? तीन आठवड्यांनी उत्तर आले. पाठिंब्याबद्दल आभार मानले होते आणि सोबत पुढच्या प्रवासाची भरपाई भरण्याचा अर्ज होता. भाच्याने तो भरला नाही. दिवाळीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा अशा दोन खेपा करण्याऐवजी यंदा एप्रिलमध्येच महिनाभराची रजा काढून येतो, असे त्याने आईला फोनवर कळवले आहे.