शांततेचं बजेट कोण मंजूर करतं?

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे आकडे भरभर निघून गेले, ते इथे नीट वाचता येतील. रेकॉर्डिंग नेहमीप्रमाणे मार्केट यार्डातल्या आमच्या घरीच झालंय, त्यामुळे ऑडिओत मागे टेम्पोचे हॉर्न आहेत.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "काश्मीरमध्ये काम करणाऱ्या पुण्याच्या संस्थांना पैसे देतं कोण?" मार्केट यार्डाला हा प्रश्न लांबचा नाही. सीझनला इथल्या फळबाजारात काश्मिरी सफरचंदाच्या पेट्या उतरतात. तिकडे हायवे अडला की इथे आवक घटते आणि भाव चढतो.

आधी संस्थांबद्दल. अधिक कदम यांच्या 'बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन'ने २००२ मध्ये कुपवाडा जिल्ह्यात अनाथ मुलींसाठी पहिलं घर सुरू केलं. संजय नहार यांची 'सरहद' काश्मिरी मुलांना पुण्यात आणून शिकवते. २०१५ चं घुमानचं साहित्य संमेलन भरवण्यात पुढाकार घेतला तो याच संस्थेने. अशा कामाला इंग्रजीत 'पीसबिल्डिंग' म्हणतात. आपण साधं म्हणू, भांडण पुन्हा पेटू नये म्हणून आधीच केलेलं काम.

आता पैसा. या एका संस्थेला तो कुठून येतो हे नाही सांगत. अशा कामाला एकूण वाटा किती आहेत ते बघू.

पहिली वाट संयुक्त राष्ट्रांची. त्यांचा पीसबिल्डिंग फंड २००६ मध्ये सुरू झाला, पहिले देश बुरुंडी आणि सिएरा लिओन. हा फंड बरीच वर्षं देशांच्या ऐच्छिक देणग्यांवरच चालला. मग डिसेंबर २०२३ मध्ये आमसभेने ठरवलं की २०२५ पासून सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीतून दरवर्षी ५ कोटी डॉलर द्यायचे. पण यातला बहुतेक पैसा संयुक्त राष्ट्रांच्याच एजन्सींमार्फत जातो. पुण्यातली छोटी संस्था अर्ज करेल आणि चेक येईल, असं ते नाही.

दुसरी वाट सरकारची. केंद्रीय गृहमंत्रालयाअंतर्गत १९९२ साली राष्ट्रीय सांप्रदायिक सद्भाव प्रतिष्ठान स्थापन झालं. जातीय, धार्मिक, वांशिक किंवा दहशतवादी हिंसेत आधार गेलेल्या मुलांना शिक्षणासाठी मदत देणं हे त्याचं मुख्य काम.

तिसरी परदेशी देणगी. इथे एफसीआरए कायदा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि मोठ्या संस्थेने परदेशी पैसा घेऊन गावातल्या छोट्या संस्थेला पुढे द्यायचा, हा मार्गच बंद झाला. संघर्षाच्या भागात ओळख आणि विश्वास असतो तो बहुधा या छोट्या संस्थेकडे. त्यामुळे फटका तिला जास्त.

चौथी वाट सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. कशावर, ते सातव्या परिशिष्टात आहे. शिक्षण, आरोग्य, अनाथांसाठी घरं, खेळ, सगळं आहे. 'शांतता' असा वेगळा रकाना नाही. म्हणून संस्था तेच काम 'मुलींचं शिक्षण' म्हणून मांडतात. त्यात खोटं काही नाही, पण दोन समाजांना एकत्र बसवण्याच्या बैठका, प्रवास, कार्यकर्त्याचा पगार हे त्या रकान्यात बसवताना नाकी नऊ येतात.

आता खरी अडचण, आणि ती दोन प्रकारची आहे.

एक, मुदत. सीएसआरचा 'चालू प्रकल्प' सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. तीन वर्षांची मुलगी घरात आली तर ती अठराची होईपर्यंत पंधरा वर्षं लागतात. म्हणजे एकाच मुलीसाठी किमान चार वेळा नव्याने देणगीदार शोधायचा. मधे एखादा मिळालाच नाही, तर तिला परत पाठवायचं कुठे?

दोन, मोजमाप. अर्जात विचारतात, 'परिणाम कसा मोजाल?' शाळेत किती मुली गेल्या हे मोजता येतं. बंदूक हातात घेतली नाही असा मुलगा कसा मोजणार? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथेही हेच होतं. सर्व्हर पडला की रात्री दोनला सगळे कॉलवर येतात, पैसेही लगेच मंजूर. तो पडूच नये म्हणून वर्षभर झटणाऱ्या टीमला मात्र रिव्ह्यूमध्ये विचारतात, "तुम्ही नक्की केलंत काय?"

मग आपण काय करायचं? माझं मत सांगतो. द्यायचं असेल तर वाढदिवसाला एकदम पाच हजार देण्यापेक्षा दरमहा चारशे-पाचशे द्या, आणि 'याच कामाला वापरा' अशी अट घालू नका. भाडं, वीजबिल, पगार यांना प्रकल्पाचा पैसा पुरत नाही. तिथे हे पाचशे कामाला येतात. देण्याआधी संस्थेचा वार्षिक अहवाल आणि ऑडिट मागा, चांगली संस्था आनंदाने देते. आणि हो, ८०जीची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी निवडली असेल तर तिच्यावर हिशेब मांडू नका.

तुमच्यापैकी कुणी अशा संस्थेत काम केलं असेल तर मेल करा. पुढच्या भागात अर्ज लिहिणाऱ्या माणसाची बाजू ऐकायची आहे. भेटू.