पाण्याचे बिल

आमच्या हिंगोली जिल्ह्यात पाहुणा ओसरीवर टेकला की आधी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या येतो. तो कोण, कुठला, कशासाठी आला, हे प्रश्न मागाहून. वसमतच्या बाजारात हळद घेऊन आलेला शेतकरी असो, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू असो, की दार चुकलेला विमा एजंट असो; "पाणी घ्या" म्हटल्याशिवाय आमचे बोलणे सुरू होत नाही. आषाढीच्या आधी शेगावची पालखी सेनगाव-औंढ्याच्या वाटेने पंढरपूरला जाते, तेव्हा गावेच्या गावे पाण्याचे पिंप आणि चहाची पातेली घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहतात. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणारा तर नको नको म्हणेस्तोवर पाठ सोडत नाही. जेवणाचा हिशेब वेगळा आणि पिण्याचा वेगळा, ही कल्पनाच आमच्याकडच्या जुन्या माणसाला चमत्कारिक वाटेल.

अशा मुलखातून आम्ही दोघे नवरा-बायको गेल्या वर्षी थेट भूमध्य समुद्रात जाऊन पडलो. मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. "आईबाबा, एकदा जहाजाची सफर करूच," असा त्यांनी धोशा लावला आणि इटलीतल्या जिनोआ बंदरातून आम्ही सात रात्रींच्या सफरीला निघालो. आगबोट म्हणावे तर तिच्यात आग कुठे दिसेना, आणि बोट म्हणावे तर ती आमच्या वसमतच्या बाजारपेठेपेक्षा लांब! तिकिटातच राहणे, जेवणखाण, नाचगाणे सगळे आले, असे जावईबापूंनी सांगितले होते, आणि ते खरेही होते. फक्त 'खाणे' या शब्दात 'पिणे' येत नाही, एवढे तेवढे बाकी होते.

रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावर एक निवृत्त अमेरिकन जोडपे आणि एक इटालियन कुटुंब होते. जेवणाच्या यादीबरोबर पेयांची यादी आली. तीत मद्ये तर होतीच. पण साध्या पाण्याची बाटलीही होती, आणि तिच्यापुढे आकडा होता साडेतीन युरो! त्याच यादीत 'सोनेरी दूध' अशा अर्थाच्या नावाचे एक पेय दिसले. चौकशी केली, तर ते आपले हळदीचे दूध निघाले. आमच्या घरी ते खोकला झालेल्या पोराला रागावून पाजतात.

"अहो," सौभाग्यवती माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "जेवायला बोलवायचं आणि पाण्याचे पैसे घ्यायचे? हे कुठलं शहाणपण म्हणायचं?"

समोरच्या अमेरिकन गृहस्थांच्या कपाळावरही तीच आठी होती. त्यांना बर्फ घातलेले पाणी हवे होते, आणि तेही न मागता. इटालियन मंडळींनी मात्र खुशाल एक मोठी बाटली पाण्याची आणि एक वाइनची मागवली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. आमचा वाढपी गोव्याचा होता. जगभरच्या जहाजांवर गोवेकर पुष्कळ. त्याने मराठीतच उलगडा केला. "काकी, जेवण तिकिटात, पिणं कार्डावर. वरच्या मजल्यावर नळाचं पाणी आणि चहा फुकट आहे. पण इथं टेबलावर बाटली फोडली की पैसे."

त्या आठ दिवसांत मी त्या टेबलावर जेवढे शिकलो तेवढे प्रवासवर्णनांच्या पुस्तकांतून शिकलो नव्हतो. तो वाद कंजूषपणाचा आणि दिलदारपणाचा नव्हता. जेवण कुठे संपते आणि मौज कुठे सुरू होते, याची रेघ प्रत्येक समाजाने निरनिराळ्या जागी ओढली आहे, एवढेच.

इटलीत खाणावळीत बसले की पाण्याची बाटली विकतच घ्यायची. बुडबुड्यांचे हवे की साधे, एवढाच प्रश्न. शिवाय पुष्कळ ठिकाणी 'कोपेर्तो' म्हणून माणशी बसण्याचे पैसे बिलात येतात. त्या बदल्यात बक्षिशीची सक्ती नाही. जर्मनीत तर नळाचे पाणी मागितले की वाढपी जरा चमकूनच पाहतो. फ्रान्समध्ये उलट आहे. तिथे १९६७ च्या सरकारी आदेशाप्रमाणे पाव आणि सुरईतले साधे पाणी जेवणाच्या किमतीतच धरलेले असते. इंग्लंडात २०१० पासून मद्य विकण्याचा परवाना असलेल्या जागी गिऱ्हाइकाने मागितल्यास नळाचे पाणी फुकट द्यावेच लागते. स्पेनने तसा कायदा २०२२ मध्ये केला. अमेरिकेत पाणी फुकट आणि पेला रिता होऊ द्यायचा नाही अशी रीत. पण उठताना बिलाच्या पंधरा-वीस टक्के बक्षीस ठेवले नाही, तर वाढप्याच्या पगारालाच कात्री लागते. म्हणजे पाण्याचे पैसे तेही देतातच. फक्त ते पाण्याच्या नावाने देत नाहीत.

जहाजांवर हीच भांडणे एका छपराखाली येतात. अमेरिकन गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या कंपन्या जेवणाबरोबर पाणी, साधा चहा-कॉफी देतात आणि मद्याच्या प्रत्येक पेल्यावर पंधरा-वीस टक्के सेवाआकार चढवतात. युरोपातल्या काही कंपन्या रात्रीच्या टेबलावर पाण्याचीही बाटली विकतात. गंमत अशी, की मोठ्या जहाजांवर पिण्याचे पाणी पुष्कळदा समुद्राच्या पाण्यातूनच मीठ काढून तयार करतात. ते नळाला येते आणि प्यायला चांगले असते. म्हणजे पैसे मोजायचे ते बाटलीचे आणि टेबलाचे.

पाण्यासाठी जहाजावर खर्च करण्याची परंपरा आपल्याकडेही आहे बरे का! १९०२ मध्ये जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला विलायतेला निघाले, तेव्हा त्यांनी चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बरोबर नेले. परक्याचे पाणी ओठाला लागू नये म्हणून हा खटाटोप. त्या घागरी जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहायला मिळतात.

त्या घागरींची आठवण आली आणि मी आमच्या फुकट पाण्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. आमच्या तांब्याला किंमत नव्हती, पण तो सगळ्यांच्या हाती पडत होता काय? ओसरीवर कोणाला बोलवायचे, कोणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, कोणाचा पेला कोनाड्यात वेगळा ठेवायचा, हे नियम कुठल्याही यादीत छापलेले नव्हते, आणि म्हणूनच ते चुकवता येत नव्हते. इंग्रजी अमदानीत रेल्वेच्या फलाटांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगळे पुकारत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी फुकटच होते. पण ते ओंजळीने पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. जहाजावर पाण्याला साडेतीन युरो पडले खरे. पण तो आकडा आमच्या टेबलावरच्या प्रत्येकाला सारखाच होता. कोणी कोणाची जात विचारली नाही. फुकट म्हणून जे मिळते त्याचेही बिल कुठेतरी फाडलेले असते. आमच्याकडे त्याचा दुसरा भाग बायकांच्या डोक्यावर होता. उन्हाळ्यात कयाधू कोरडी पडली की ओसरीवरचा तो तांब्या भरायला कोणीतरी कोसभर घागरी वाहत असे. पाहुण्याने पाण्याची तारीफ केली तर शाबासकी घरधन्याला!

आणि आता तर युरोपाला हसण्याचीही सोय उरलेली नाही. आपल्या देशात बिसलेरीचे बाटलीतले पाणी मुंबईत आले ते १९६५ साली. पाणी विकत कोण घेणार, म्हणून लोक हसले असतील. आज हिंगोलीच्या लग्नातही पंगतीच्या पानाशेजारी प्लास्टिकची छोटी बाटली असते आणि घरोघर वीस लिटरचे जार येतात. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उपाहारगृहांना बाटलीबंद पाणी छापील किमतीहून अधिक दराने देता येते, कारण गिऱ्हाईक तिथे नुसती बाटली घेत नाही, जागा आणि सेवाही घेते. जिनोआच्या टेबलावरचा हिशेब तो हाच.

तेव्हा जहाजाच्या सफरीला निघणाऱ्या कुटुंबांनी भिडेला बळी न पडता चार गोष्टी आधीच विचाराव्यात. जेवणाच्या टेबलावरचे पाणी तिकिटात आहे की नाही? सेवाआकार किती आणि तो आपोआप लागतो काय? पेयांचे ठोक तिकीट घ्यायचे, तर खोलीतल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यावे लागते काय? पुष्कळ कंपन्यांचा तसा नियम असतो, आणि नवरा वाइन घेणारा व बायको ताकावर खूश, अशा घराला तो महागात पडतो. शिवाय कार्डावर रोज काय चढते ते रोजच्या रोज पाहावे. विचारण्यात कमीपणा नाही. आमच्या टेबलावर सर्वांत आधी विचारले ते श्रीमंत अमेरिकनाने.

आमच्या सौभाग्यवतींचे मत मात्र पुरते पालटले नाही. "त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या. "पण तहानलेल्याला पाणी देताना खिशाकडे बघायचं नाही, आणि जातीकडे तर मुळीच नाही."

त्यांच्या बोलण्याला आमच्याच मातीतला आधार आहे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखली जाणारी नर्सी हिंगोलीपासून जवळच, कयाधूच्या काठी. परंपरेने सांगतात, की तीर्थयात्रेत ज्ञानदेव आणि नामदेव मारवाडच्या वाळवंटात तहानेने व्याकूळ झाले. विहीर खोल आणि दोर नाही. ज्ञानदेव योगबळाने आत उतरून पाणी प्यायले. नामदेवांनी विठ्ठलाला हाक मारली, तेव्हा विहीरच काठोकाठ भरून वाहू लागली. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण वर आलेले पाणी एकट्या नामदेवांचे राहिले नाही. मागून येणाऱ्या कोणालाही ते पिता आले.

या चैत्रात आमच्या गल्लीत आम्ही पाणपोई घातली आहे. दोन रांजण आणि एकाच मापाचे चार पेले. रांजण भरायची पाळी पुरुषांची आहे.