ऋद्धपूर–साळबर्डी : एका दिवसाचा प्लॅन

"तिथं पाहाचं काय हाय? ओटेच तं हायेत!" ऋद्धपूरचं नाव काढलं की आमच्या वरूडच्या कट्ट्यावर हे वाक्य ठरलेलं. खरं सांगायचं तर मागच्या वेळी आम्ही चौघं गेलो तेव्हा मीसुद्धा हेच म्हणत परत आलो. आधी साळबर्डीचा डोंगर चढलो, मग अप्पर वर्धा धरणावर टाइमपास केला आणि ऋद्धपूरला पोचेस्तोवर दिवेलागण झाली. अंधारात बघायचं काय, हेच माहीत नव्हतं. तेव्हा मित्रांनो, परीक्षा संपल्यावर जाणार असाल तर आधी एवढं वाचून घ्या.

तेराव्या शतकात गुजरातेतून निघालेले चक्रधरस्वामी ऋद्धपूरला आले. इथे त्यांना गोविंदप्रभू भेटले, तेच त्यांचे गुरू. पुढे साळबर्डीच्या डोंगरात त्यांनी बारा वर्षे काढली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यानंतर ते महाराष्ट्रभर पायी फिरले. जिथे ते बसले, राहिले, जेवले, ती जागा म्हणजे 'स्थान', आणि तिची खूण म्हणून बांधलेला तो ओटा. मूर्ती शोधत गेलात तर चुकाल. नमस्कार असतो तो जागेला.

आता मजा बघा. या जागांची चक्क एक गाइड आहे, 'स्थानपोथी'. चौदाव्या शतकातली! देऊळ कोणत्या तोंडाचे, स्थान त्याच्या कोणत्या दिशेला, अशा खुणा तिच्यात दिल्या आहेत. सर्व्हेईंगच्या प्रॅक्टिकलला आपण आधी रेफरन्स पॉइंट धरतो ना, तसंच. डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली आहे. लायब्ररीत मिळाली तर ऋद्धपूरची पानं वहीत उतरवून न्या.

एवढा आटापिटा कशासाठी? स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर शिष्य ऋद्धपूरला गोविंदप्रभूंजवळ येऊन राहिले. हाती उरल्या होत्या त्या आठवणी आणि जागा. म्हाइंभटांनी एकेकाला विचारून आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' तयार झाले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ आपल्या मोर्शी तालुक्यातला आहे राव! मराठी भाषा विद्यापीठ २०२४ मध्ये ऋद्धपूरलाच सुरू झाले, ते उगीच नाही.

म्हणून क्रम उलटा करा. लीळाचरित्राचाही क्रम तोच आहे : आधी ऋद्धपूर, मग साळबर्डी. वरूडहून सकाळी साडेसहाला निघा. मोर्शीपर्यंत तासभर, तिथून ऋद्धपूर पंचवीसेक किलोमीटर. गाडी एका जागी लावा आणि गावात पायीच फिरा, कारण स्थाने गल्लीबोळांत, घरांच्या मध्ये आहेत. गोविंदप्रभू जिथे राहत तो राजमठ आधी बघा. मठात कुणी बाबा भेटले तर 'दंडवत प्रणाम' म्हणा, वही उघडा आणि विचारा. पोथीतली ओळ आणि समोरचा ओटा जुळला की अंगावर काटा येतो. ओट्यावर पाय देऊ नका, टेकून बसूही नका. इथे तीन तास तरी ठेवा.

दुपारी मोर्शीत जेवून साळबर्डी गाठा, दहा-बारा किलोमीटर. हे गाव अर्धे महाराष्ट्रात, अर्धे मध्यप्रदेशात. महादेवाची गुहा पलीकडे, बैतूल जिल्ह्यात. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. यात्रेची मजा हवी तर तेव्हा जरूर जा, पण निवांत बघायचे तर ते दिवस टाळा. पावसाळ्यात माडू नदीला पाणी चढते, म्हणून डिसेंबर-जानेवारी बरा. पाणी बरोबर ठेवा आणि चारच्या आत डोंगर उतरायला लागा. परतीला रस्त्याने आंबिया बहाराची संत्री मिळाली तर भाव करायला आमच्यासारखा वरूडचा गडी पुढे घाला.