दहांपैकी सात डाव जिंकले, म्हणजे डेक चांगला?

लोकलमध्ये हा भाग ऐकायला घेतला आणि अंधेरीच्या गर्दीत इअरफोन कानातून निघाले, अशा सगळ्यांसाठी हा पूर्ण मजकूर. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय आहे नेटरनर हा सायन्स फिक्शनमधला पत्त्यांचा खेळ. त्यातही वेगवेगळ्या फॅक्शनचे, म्हणजे गटांचे, डेक तपासून कसे बघायचे. ‘खेळलो, जिंकलो, मस्त आहे’ याला तपासणं म्हणत नाहीत. आपल्याकडे असतात तीन-चार मित्र आणि आठवड्यातली एखादी मोकळी संध्याकाळ. एका डावाला सहज अर्धा-पाऊण तास जातो. एवढ्या वेळात डेकबद्दल काय कळू शकतं आणि काय कळूच शकत नाही, ते आज बघू.

खेळ थोडक्यात, आणि त्यात आपली साष्टी

मॅजिक: द गॅदरिंग बनवणाऱ्या रिचर्ड गारफिल्ड यांनी १९९६ मध्ये नेटरनर आणला. २०१२ मध्ये फँटसी फ्लाइट गेम्सने तो ‘अँड्रॉइड: नेटरनर’ या नावाने नव्याने काढला आणि २०१८ मध्ये बंद केला. खेळाडूंनी मात्र तो मरू दिला नाही. चाहत्यांनीच संस्था उभी केली. आज तिचं नाव नल सिग्नल गेम्स, आणि नवी कार्डं तीच काढते.

आता आपल्या कामाची गोष्ट. २०१६ च्या सुमारास या खेळात ‘मुंबाड’ नावाची सहा पाकिटांची मालिका आली. भविष्यातल्या मुंबईवर बेतलेलं शहर, त्याचं नाव मुंबाड. एका पाकिटाचं नाव काला घोडा, दुसऱ्याचं साल्सेट आयलंड. साल्सेट म्हणजे आपली साष्टी! वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा सगळा भाग या बेटावर येतो. मेट्रोच्या सात नंबर लाइनवर दिंडोशी स्टेशनात उभे असाल, तर तुम्ही त्या पाकिटाच्या नावावरच उभे आहात.

खेळात दोन बाजू असतात आणि दोन्ही अगदी वेगळ्या. कॉर्प म्हणजे बलाढ्य कंपनी. ती अजेंडा नावाची कार्डं पुढे ढकलून गुण मिळवते आणि आपल्या सर्व्हरसमोर ‘आइस’ नावाची संरक्षक कार्डं लावते. रनर म्हणजे हॅकर. तो आत घुसून तेच अजेंडे चोरतो. आधी ७ गुण करणारा जिंकतो. कॉर्पला एका पाळीत ३ क्लिक, म्हणजे ३ कृती मिळतात, रनरला ४. शिवाय हातात जेवढी पानं आहेत त्याहून जास्त डॅमेज रनरला झालं, तर खेळ तिथेच खल्लास.

कॉर्पकडे चार मुख्य गट आहेत: हास-बायोरॉइड, जिंतेकी, एनबीएन आणि वेलँड. रनरकडे तीन: अ‍ॅनार्क, क्रिमिनल, शेपर. स्पर्धेला जाताना प्रत्येकाला दोन डेक न्यावे लागतात, एक कॉर्पचा आणि एक रनरचा. साधारणपणे डेकमध्ये किमान ४५ कार्डं, एका कार्डाच्या जास्तीत जास्त ३ प्रती. दुसऱ्या गटाची कार्डं घेता येतात, पण त्यासाठी बहुतेक वेळा फक्त १५ ‘इन्फ्लुएन्स’ मिळतो. शेजारून वाटीभर साखर आणता येते, अख्खा किराणा नाही.

पैशाचं म्हणाल तर काळजी नको. नल सिग्नल स्वतःच्या कार्डांच्या छापण्याजोग्या फाइल फुकट देते. झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर कागदावर प्रिंट काढायची, कात्रीने कापायची, स्लीव्हमध्ये जुन्या पत्त्यावर सरकवायची. नाहीतर जिंतेकी डॉट नेटवर ब्राउझरमध्येच फुकट खेळा. म्हणजे डेक हवे तेवढे बनवता येतात. कमी पडतात ते डाव.

नाणंसुद्धा दहांपैकी सात वेळा जिंकतं

समजा तुम्ही नवा अ‍ॅनार्क डेक बनवला, दहा डाव खेळलात आणि सात जिंकलात. ग्रुपवर मेसेज टाकला, “सत्तर टक्के!” थांबा जरा.

दहा वेळा साधं नाणं उडवा. सात किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडायची शक्यता १०२४ पैकी १७६ आहे, म्हणजे सुमारे १७ टक्के. साधारण सहात एकदा. म्हणजे समोरच्याच्या अगदी बरोबरीचा, धड ना चांगला ना वाईट असा डेकसुद्धा सहापैकी एका वेळी तुम्हाला ‘सत्तर टक्के’ दाखवून जाईल.

उलटंही होतं. एखादा डेक खरोखर ६० टक्के डाव जिंकणारा आहे. दहा डावांत तो पाच किंवा त्याहून कमी जिंकेल, याची शक्यता जवळपास ३७ टक्के. म्हणजे चांगला डेक तीनात एकदा तरी तुम्हाला ‘काही खरं नाही’ असं वाटायला लावेल, आणि तुम्ही तो मोडून टाकाल!

मग डाव खेळायचेच नाहीत का? खेळायचेच. फक्त थोड्या डावांना ‘किती जिंकलो’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्यांची कुवतच नाही. त्याऐवजी खेळायला बसण्याआधी एक नेमका प्रश्न ठरवायचा. त्याचं उत्तर जिंकलेल्या डावातही मिळतं आणि हरलेल्या डावातही.

प्रत्येक गटाला वेगळा प्रश्न

‘सिस्टम गेटवे’ या सुरुवातीच्या संचातली मुख्य पात्रं आणि कंपन्या घेऊन बघू. खेळात त्यांना आयडेंटिटी म्हणतात.

अ‍ॅनार्कचा लूप. पाहिलेलं कार्ड पाडलं, की पाळीत पहिल्या वेळी त्याला १ क्रेडिट आणि १ पान मिळतं. प्रश्न: समोरच्या डेकमध्ये पाडण्यासारखं फारसं काही नसेल, तर माझी कमाई कुठून येणार?

क्रिमिनलची झाहिया. कॉर्पच्या हातावर किंवा गड्डीवर धाड टाकली, की पाळीत एकदा तिला पाहिलेल्या प्रत्येक कार्डामागे १ क्रेडिट मिळू शकतं. प्रश्न: दोन्ही ठिकाणी आइस लागल्यावर धाड टाकायचा खर्च कमाईपेक्षा वाढतो का, आणि कितव्या पाळीत?

शेपरचा ताओ. अजेंडा पूर्ण झाला किंवा चोरीला गेला, की तो मांडलेल्या दोन आइसची अदलाबदल करू शकतो. प्रश्न: माझी सगळी साधनं टेबलावर येईपर्यंत कितवी पाळी उजाडते, आणि तोवर कॉर्पने किती गुण केलेले असतात?

आता कॉर्प. वेलँडची ‘बिल्ट टू लास्ट’ रिकाम्या कार्डावर पहिला अ‍ॅडव्हान्स टोकन ठेवला की २ क्रेडिट देते. प्रश्न: ठेवायला जागाच नसेल, तेव्हा पैसा आटतो का? एनबीएनची ‘रिअ‍ॅलिटी प्लस’ रनरला पाळीतला पहिला टॅग बसला की २ क्रेडिट किंवा २ पानं देते. टॅग काढायला रनरला १ क्लिक आणि २ क्रेडिट लागतात. प्रश्न: रनरने दर वेळी शांतपणे टॅग काढला, तर माझ्याकडे पुढची चाल आहे का? हास-बायोरॉइडची ‘प्रिसिजन डिझाइन’ अजेंडा पूर्ण झाल्यावर टाकलेलं एक कार्ड परत हातात देते. प्रश्न: परत आणावं असं कार्ड तिथे खरंच असतं का?

आणि जिंतेकी. हा गट सापळ्यांचा. इथे एक गंमत आहे. तुम्ही एकाच मित्राशी पाच डाव खेळलात, की त्याला तुमचा डेक पाठ होतो. सहाव्या डावाला तो सापळ्याकडे फिरकतच नाही, आणि तुम्ही म्हणता डेक फसला. डेक फसलेला नसतो, नवखेपणा संपलेला असतो. स्पर्धेत समोर अनोळखी माणूस असणार. म्हणून जिंतेकी दोन प्रकारे तपासायचा: एकदा डेक माहीत नसलेल्यासोबत, एकदा पूर्ण यादी हातात दिलेल्यासोबत. दोन्हीतला फरक म्हणजे तुमच्या थापेची किंमत!

जे डाव सांगत नाहीत ते गणित सांगतं

पुन्हा मुंबाडकडे जाऊ. त्या मालिकेत ‘म्युझियम ऑफ हिस्टरी’ नावाचं कार्ड होतं. कॉर्पची पाळी सुरू झाली, की टाकलेल्या कार्डांतलं एक परत गड्डीत पिसायचं. आणि अट अशी, की डेकमध्ये ५० किंवा जास्त कार्डं असतील तर त्याचा इन्फ्लुएन्स शून्य. फुकट! मग काय, रनरने पाडलेलं कार्ड पुन्हा परत, पुन्हा परत, आणि डाव मारुतीच्या शेपटासारखा लांबायचा. त्याच मालिकेत ‘साल्सेट स्लम्स’ हे उत्तरही होतं. कार्ड पाडायची किंमत भरून ते पाळीत एकदा डावातूनच कायमचं बाहेर काढता यायचं.

पण ‘फुकट’ची किंमत असते. ४५ कार्डांच्या डेकमध्ये एका कार्डाच्या ३ प्रती असतील, तर पहिल्या ५ पानांत त्यातली एक तरी यायची शक्यता ३०.४ टक्के. हात आवडला नाही म्हणून एकदा बदलून घेतला, तर दोन्ही मिळून ५१.५ टक्के. ५० कार्डांच्या डेकमध्ये पहिल्या हाताची शक्यता २७.६ वर येते. शिवाय ४५ ते ४९ कार्डांना अजेंड्यांचे २० किंवा २१ गुण लागतात, ५० ते ५४ ला २२ किंवा २३. म्हणजे रनरला चोरायला जास्त माल.

तीस आणि साडेसत्तावीसमधला फरक तुम्हाला दहा काय, पन्नास डावांतही जाणवणार नाही. कॅल्क्युलेटरवर मात्र दोन मिनिटांत दिसतो. म्हणून जे मोजता येतं ते आधी मोजून घ्या, आणि जे फक्त माणसाशी खेळूनच कळतं त्यासाठी आपले मोजके डाव राखून ठेवा. समोरचा घाबरतो का, माझ्याकडचे पैसे कधी संपतात, मी कुठे अडकतो, या गोष्टी डावातच कळतात.

मग संध्याकाळ कशी वापरायची?

पहिलं, कसोटीचे डेक तीन ठेवा आणि महिनाभर बदलू नका: एक भरभर गुण करणारा, एक सावकाश पैसे साठवणारा, एक डॅमेज करणारा. नवा डेक तिघांपुढे न्या. दर वेळी समोर वेगळं काही असेल, तर बदल कशामुळे झाला ते कळणारच नाही.

दुसरं, एका वेळी एकच बदल करा. आमटी खारट झाली म्हणून पाणी, गूळ, चिंच सगळं एकदम घातलं, तर कशाने सुधारली ते कोण सांगणार? एक कार्ड काढा, त्या जागी एक घाला.

तिसरं, आपल्याच डेकविरुद्ध खेळा. तो मित्राच्या हातात द्या आणि तुम्ही समोर बसा. आपण जी चाल भारी समजतो, ती पलीकडून किती सहज दिसते हे एकाच डावात कळतं.

चौथं, डावानंतर फोनमध्ये तीन ओळी लिहा. ठरवलेल्या प्रश्नाचं उत्तर काय मिळालं? शेवटी हातात कोणती नको असलेली पानं अडकली होती? डाव कोणत्या पाळीत फिरला? त्याखाली जिंकलो की हरलो. कॉर्प आणि रनरची नोंद वेगवेगळी ठेवा. दोन्ही डेकचं मिळून काढलेलं यश कोणता डेक लंगडा आहे ते लपवतं.

एक कार्ड चार डावांत चारही वेळा हातात नुसतं पडून राहिलं, तर ते काढायला टक्केवारी लागत नाही. चार नोंदी पुरतात. थोड्या डावांची ताकद ही अशी असते. डेक जगात कितवा, हे त्यातून कळणार नाही. पण तो कुठे गळतोय ते नक्की कळेल.

आणि कुठला गट आपला, हे मात्र आकड्यांवर सोडू नका. सगळ्यात जास्त जिंकणारा डेक नेटवरून उतरवता येतो. पण हरतानाही ज्याचा पुढचा डाव खेळावासा वाटतो, तोच तुम्ही इतका वेळ तपासत बसाल.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ: एक डेक, एक प्रश्न, चार डाव, बारा ओळी. रडीचा डाव खेळू नका, हरलेला डावही लिहा. भेटू पुढच्या भागात!