दशी पडलेले हाड आणि खांद्याची प्लेट
– ऊस विकास अधिकारी



उसाच्या अंकात हाडांचा विषय कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण मागच्या रोवणीत माझ्याच घरी प्रसंग आला, म्हणून लिहितो. सत्तरी ओलांडलेली आमची आई वडशाजवळच्या शेतात धुऱ्यावरून घसरली, हात टेकला अन् खांदा मोडला. आम्ही आधी एका जाणत्याकडून कामट्या बांधून घेतल्या. आठ दिवस त्यातच गेले. ही चूक आमची. पुढे फोटो काढला, तेव्हा दंडाचे हाड खांद्याजवळ तुटून सरकलेले दिसले.

"डॉक्टरसाहेब, प्लेट टाकून द्या," मी म्हणालो. ते म्हणाले, "थांबा, आधी हाड पाहू."

तुरा येऊन गेलेला उस बाहेरून धड दिसतो, पण मोडला की आत दशी. म्हातारपणी, विशेषतः पाळी गेल्यावर बायांच्या हाडाचे तसेच होते. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. भुसभुशीत मातीत खुंटी ठोकावी तसा अशा हाडात स्क्रू ढिला पडतो.

यावर उपाय म्हणून लॉकिंग प्लेट निघाली. तिच्या भोकांना आटे असतात. स्क्रूचे डोके त्यात घट्ट बसते आणि प्लेट व स्क्रू मिळून एकच सांगाडा होतो. जुन्या प्लेटपेक्षा पकड चांगली. पण शेवटी टोके रुतायची त्याच पोकळ हाडात. हाडाच्या आतल्या बाजूला टेकू मिळाला नाही, तर गोळा खचतो आणि स्क्रूचे टोक सांध्यात घुसते. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर तो मरतो. मग दुसरे ऑपरेशन.

इंग्लंडसह ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत २५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. हाड सरकलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांचे ऑपरेशन केले, निम्म्यांचा हात झोळीत ठेवला. दोन वर्षांनी दोघांच्या हातात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र गोळा सांध्यातून निखळला असेल, जखम उघडी असेल किंवा हाताला रक्त पोचत नसेल, तर गोष्ट वेगळी. तेथे वेळ दवडू नये.

आईचा हात झोळीतच ठेवला. बोटे, मनगट पहिल्या दिवसापासून हलवायला लावले. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवण्याचा व्यायाम. तीन महिन्यांनी ती स्वतः वेणी घालू लागली. वरच्या फळीवरचा डबा अजून काढता येत नाही, पण स्वयंपाक चालू आहे. व्यायाम टाळला असता तर खांदा आखडून बसला असता.

आता महत्त्वाचे. साध्या पडण्याने हाड मोडले, तर तो इशारा समजावा. पुढच्या वेळी खुबा मोडू शकतो. म्हणून प्लेट टाका वा टाकू नका, हाडाच्या पोकळीचा इलाज डॉक्टरांना विचाराच. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाड टिकवणारी औषधे मिळतात. आहारात दूध, तीळ, नाचणी असावी. तंबाखू, बिडी सोडावी. अंगणातले शेवाळ खरवडावे, रात्री दिवा ठेवावा.

उसाची दशी आपण कापणीच्या वेळी पाहतो. घरच्या माणसाची मोडण्याआधी पाहावी, एवढीच विनंती.