औषधांचेही पासबुक असावे
मधुमेहाच्या गोळ्या घेताना पाळावयाची दक्षता

बँकेच्या खात्यात आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया कोठे तरी नोंदलेला असतो. एखादी रक्कम दोनदा वजा झाली, तर सजग खातेदार त्याच दिवशी शाखेत चौकशी करतो. मात्र हाच खातेदार घरी आल्यावर दररोज तीन-चार गोळ्या घेतो. त्यांची नावे काय, त्या नेमके काय करतात आणि त्यांतील एखादी दोनदा तर पोटात जात नाही ना, याची नोंद त्याच्यापाशी क्वचितच असते. मधुमेहासारख्या दीर्घकाळ सोबत करणाऱ्या आजारात ही नोंद नसणे महाग पडू शकते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक, आढळले. यांपैकी बहुतेकांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असतो आणि त्याचे उपचार प्रायः गोळ्यांनीच सुरू होतात. गोळी हा उपचाराचा सोपा मार्ग आहे. परंतु सोपे ते निर्धोक असतेच असे नाही.

सरोजिनी नगरातील एक घर

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर, म्हणजे पूर्वीचे विनय नगर, ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. देशभरातून बदलीवर आलेल्या कुटुंबांप्रमाणे मराठी कुटुंबेही येथे राहत आली आहेत. आता जुन्या चाळवजा क्वार्टर्सच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. पण दिवाळीच्या सुमारास गावाकडून आई-वडिलांनी मुलाकडे राहावयास येण्याची रीत बदललेली नाही.

असेच एक घर उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणू. सत्तरी ओलांडलेल्या आई मिरजेहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन स्थानकावर उतरतात. फराळाच्या डब्यांसोबत पिशवीत मधुमेहाच्या गोळ्यांच्या स्ट्रिप असतात. प्रवास, बदललेले जेवण आणि दिवाळीचा फराळ यांमुळे पुढील आठवड्यात साखर वाढलेली दिसते. मुलगा त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे नेतो. गावाकडची चिठ्ठी सोबत नसते. ‘तिकडे कोणती गोळी चालू आहे?’ या प्रश्नाला ‘पांढरी, लांबट’ एवढेच उत्तर मिळते. डॉक्टर नवी गोळी लिहून देतात. घरी मात्र जुनी गोळीही चालूच राहते.

त्यानंतर संकष्टी येते. आई सकाळी दोन्ही गोळ्या घेतात आणि थोड्या साबुदाण्यावर दिवस काढतात. संध्याकाळी सुनेसोबत सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर पाहत असताना त्यांना दरदरून घाम येतो. नोव्हेंबरची थंडी पडू लागलेली आणि कपाळ ओलेचिंब. हात थरथरतात, शब्द अडखळतात. ‘आई, दमलात का?’ या प्रश्नाचे उत्तरही नीट येत नाही. आजूबाजूचे म्हणतात, गर्दीने जीव घाबरला असेल. प्रत्यक्षात त्यांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली असते.

येथे एकही औषध वाईट नव्हते, एकही डॉक्टर चुकलेले नव्हते. चुकली ती नोंद. दोन स्ट्रिपवरील नावे वेगळी होती. दोहोंत औषध मात्र एकच होते, ग्लिमेपिराइड.

नाव वेगळे, औषध तेच

बहुतेक गोळ्यांना दोन नावे असतात. एक नाव कंपनीने दिलेले असते. त्याच्याजवळ लिहिलेले नाव खऱ्या औषधाचे असते. आपण लक्षात ठेवतो ते पहिले, आणि महत्त्वाचे असते ते दुसरे. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून, जनऔषधी केंद्रातून आणि कोपऱ्यावरील औषध दुकानातून मिळणारी एकाच औषधाची पाकिटे तीन रंगांची व तीन नावांची असू शकतात. स्वस्त जेनेरिक गोळी घेण्यात गैर काहीच नाही. परंतु नवे पाकीट हातात आल्यावर औषधाचे मूळ नाव व मिलिग्रॅममधील मात्रा जुन्याशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

आजकाल एकाच गोळीत दोन वा तीन औषधे एकत्र असतात. नावापुढे येणारे ‘एम’ हे अक्षर बहुधा मेटफॉर्मिन मिसळल्याचे दर्शविते. ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सआर’ ही अक्षरे औषध पोटात सावकाश सुटत असल्याचे सांगतात. अशी सावकाश सुटणारी गोळी चावू, कुटू वा विरघळवू नये. तसे केल्यास दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. काही वेळा या गोळीचे रिकामे कवच शौचावाटे बाहेर पडलेले दिसते. औषध शोषले गेलेले असते, त्यामुळे काळजीचे कारण नसते.

दुकानदाराकडून स्ट्रिप कापून घेताना ज्या भागावर नाव व मुदतीची तारीख आहे, तो भाग आपल्याकडे येईल असे पाहावे.

कोणती गोळी काय करते?

मेटफॉर्मिन हे या आजारातील सर्वांत परिचित औषध. फ्रेंच डॉक्टर झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहींवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. यकृतातून रक्तात सुटणारी साखर ते कमी करते. एकटे घेतल्यास त्यामुळे साखर फार उतरण्याचा संभव अल्प असतो. पोट बिघडू नये म्हणून ते जेवणासोबत वा जेवणानंतर घ्यावे. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून वर्षातून किमान एकदा क्रिएटिनीनची तपासणी करून मूत्रपिंडाची गाळणक्षमता, म्हणजे ‘ईजीएफआर’, पाहावी. हा आकडा ४५ च्या खाली गेल्यास मात्रेचा फेरविचार करावा लागतो आणि ३० च्या खाली गेल्यास हे औषध देत नाहीत. याच कुळातील फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याच्या धोक्यामुळे भारतात २००३ मध्ये बंद करण्यात आले. मेटफॉर्मिनचा हा धोका अगदी विरळ आहे, पण मूत्रपिंड दुबळे असेल तर तो वाढतो. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, शाकाहारी व्यक्तींत विशेषतः. पायांना येणारी बधिरता प्रत्येक वेळी मधुमेहामुळेच असते असे नव्हे. ही तपासणी करून घ्यावी.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही सल्फोनिलयुरिया गटातील औषधे स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्यास भाग पाडतात. समोर अन्न असो वा नसो, ही औषधे आपले काम करतात. म्हणून ‘गोळी घेतली की जेवण चुकवावयाचे नाही’ हा या गटाचा पहिला नियम. ग्लिबेनक्लामाइडचा प्रभाव दीर्घकाळ टिकत असल्याने साठीपुढील व्यक्तींसाठी ते योग्य मानले जात नाही.

व्होग्लिबोज व अकार्बोज ही औषधे पिष्टमय पदार्थांचे पचन लांबवितात. ती जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावयाची असतात. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन ही औषधे एकटी असताना साखर सहसा फार उतरवीत नाहीत. परंतु पोटात तीव्र, पाठीपर्यंत जाणारी कळ आल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंडासाठी ती उपकारक ठरली आहेत. मात्र पाणी पुरेसे पिणे आणि जननेंद्रियांची स्वच्छता राखणे आवश्यक असते. गोळीच्या रूपातील सेमाग्लुटाइड उपाशीपोटी अर्ध्या कप साध्या पाण्यासोबत घेऊन पुढे अर्धा तास काहीही खाऊ-पिऊ नये; चहासोबत घेतल्यास ते वाया जाते.

साखर उतरते तेव्हा

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे म्हणजे हायपोग्लायसेमिया. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल वा अटेनोलॉल घेणाऱ्यांत धडधड व थरथर जाणवेलच असे नाही. घाम मात्र येतो. थंडीत विनाकारण आलेला घाम म्हणूनच दुर्लक्षू नये. शक्य असल्यास ग्लुकोमीटरने लगेच तपासावे. यंत्र जवळ नसल्यास वेळ न दवडता उपाय करावा.

रुग्ण शुद्धीवर असेल तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. सुधारणा नसल्यास पुन्हा तेवढीच द्यावी आणि बरे वाटताच पोळी, बिस्किटे असे काही खावयास द्यावे. अशा वेळी पेढा वा बर्फी पुढे करण्याचा मोह होतो. पण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज वा अकार्बोज घेणाऱ्यांना घरातील साखरही लवकर गुण देत नाही, कारण तिचे विघटनच या औषधांनी लांबविलेले असते. त्यांच्या पिशवीत ग्लुकोज पावडरच असली पाहिजे.

रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये. कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवावी. दिल्लीत त्यासाठी १०२ आणि महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे. सल्फोनिलयुरिया गोळीमुळे उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून ‘आता बरे आहे’ असे म्हणून वृद्ध रुग्णास रात्री एकटे झोपू देऊ नये, रुग्णालयात दाखवावे.

उपवास, आजारपण आणि शस्त्रक्रिया

संकष्टी, एकादशी वा नवरात्राचा उपवास करावयाचा असल्यास गोळ्यांचे काय करावे, हे आदल्या भेटीतच डॉक्टरांना विचारून ठेवावे. भक्ती आणि उपचार यांत विरोध नाही. विरोध आहे तो रिकाम्या पोटाचा आणि पूर्ण मात्रेचा.

उलट्या, जुलाब, तीव्र ताप असताना शरीरातील पाणी कमी होते. अशा दिवसांत मेटफॉर्मिन व डापाग्लिफ्लोझिन गटातील औषधे सहसा तात्पुरती थांबवावी लागतात. डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे. या दुसऱ्या गटातील औषध चालू असताना उलटी, पोटदुखी व धाप एकत्र जाणवल्यास साखर फार वाढलेली नसली तरी रक्तात आम्ले साठलेली असू शकतात. तातडीने रुग्णालय गाठावे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे तीन-चार दिवस आधी बंद करतात. सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध देणार असतील, तर मेटफॉर्मिन चालू असल्याचे आधी सांगावे.

दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी दिलेल्या स्टिरॉइडने साखर वाढते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके ग्लिमेपिराइडसोबत घेतल्यास ती एकाएकी उतरू शकते. कारल्याचा रस, मेथी, जांभूळबियांचे चूर्ण घेत असल्यास तेही लपवू नये. मद्य आणि रिकामे पोट यांचा संयोग तर टाळावाच.

विसरलेली मात्रा भरून काढण्यासाठी पुढील वेळी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. तसेच ‘साखर नॉर्मल आली’ म्हणून औषध परस्पर बंद करू नये. हप्ते वेळेवर जात असल्याने कर्जखाते नियमित दिसते. याचा अर्थ कर्ज फिटले असा होत नाही. आणि वृद्धांच्या बाबतीत साखर शक्य तितकी खाली आणणे हे ध्येय नसते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तरुणांत ७ टक्क्यांच्या आसपास राखतात. दुर्बल वृद्धांत ८ टक्क्यांपर्यंतही डॉक्टर समाधान मानतात, कारण एक पडणे आणि एक हाड मोडणे त्यांना अधिक महाग पडते.

पासबुकात काय लिहावे?

एक लहान वही पुरेशी आहे. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक असावा. पुढे प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर, सुरू केल्याची तारीख आणि बंद केल्याची तारीख लिहावी. बँकेच्या पासबुकात जमेइतकेच महत्त्व नावेच्या बाजूस असते, तसेच येथे बंद झालेल्या औषधाच्या नोंदीस आहे. बंद औषधाची उरलेली स्ट्रिप डब्यातून काढून टाकावी. शेवटच्या पानांवर साखर, एचबीएवनसी, क्रिएटिनीन व रक्तदाब यांचे आकडे तारखेसह असावेत. नवे औषध लिहून मिळाले की एकच प्रश्न विचारावा : ‘ही गोळी आधीच्या गोळीसोबत घ्यावयाची की तिच्याऐवजी?’

वर वर्णिलेल्या घरातील आईंच्या पिशवीत अशी वही असती, तर नव्या डॉक्टरांनी ती अर्ध्या मिनिटात चाळली असती आणि दोहोंतील एक स्ट्रिप त्याच दिवशी बाजूला निघाली असती. बाजारातील ती संध्याकाळ स्वेटरचा रंग निवडण्यात गेली असती.

गावाकडून निघताना आपण तिकीट, ओळखपत्र, पासबुक आठवणीने पिशवीत ठेवतो. त्यांच्या शेजारी आणखी एका वहीस जागा करावी. ती हरवल्यास बँक दुसरी देऊ शकणार नाही. म्हणून तिची एक प्रत मुलाच्या वा सुनेच्या मोबाइलमध्येही असू द्यावी.